दिसेनासं होत असताना: घर, फोन, काठी, रस्ता

हा लेख मोठेपणी नजर गमावणाऱ्यांसाठी आहे. जन्मापासून न दिसणाऱ्या मुलाला अंधशाळेत जे शिकायला मिळतं, ते पन्नाशीत काचबिंदूने गाठलेल्या किंवा मधुमेहाने डोळ्याचा पडदा खराब झालेल्या माणसाला कुणी आपणहून शिकवत नाही. डॉक्टर सांगतात, 'आता यापुढे फार सुधारणा नाही', आणि माणूस घरी येऊन खुर्चीत बसतो. घरचे प्रेमापोटीच म्हणतात, "तुम्ही बसा, मी आणते." त्या खुर्चीतून उठायला मग कित्येकांना वर्षं लागतात.

मीही याच रांगेतली. आता नव्याने नजर गेलेल्यांना रोजची कामं आणि काठी शिकवते. माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं: थोडं दिसतंय तोवरच शिकायला लागा. नजर परत येईल म्हणून थांबू नका, आणि पूर्ण जाईपर्यंतही थांबू नका. उरलेली नजर शिकताना कामाला येते. उपचार अर्थातच सोबत चालू ठेवायचे. काचबिंदूचे थेंब 'आता काय उपयोग' म्हणून बंद करणारे पुष्कळ भेटतात. जी काही नजर शिल्लक आहे ती वाचवण्यासाठीच ते थेंब असतात.

१. नेमकं काय गेलंय, ते विचारून घ्या

काचबिंदूत बहुतेकदा कडेची नजर आधी जाते. पेपर वाचता येतो, पण बाजूने आलेली सायकल दिसत नाही. रेटिनायटिस पिगमेंटोसा या डोळ्याच्या पडद्याच्या आजारातही तसंच, आणि दिवेलागण झाली की आणखी पंचाईत. वयोमानाने मॅक्युला, म्हणजे पडद्याचा मधला भाग, खराब झाला तर उलटं होतं: समोरच्याचा चेहरा पुसलेला, पण कोपऱ्यातली खुर्ची कळते. मधुमेहात मधेमधे ठिगळं पडतात, आणि एक दिवस दुसऱ्यासारखा नसतो. पुढे काय शिकायचं ते यावर ठरतं. मधली नजर गेलेल्याने वस्तूकडे थेट न पाहता किंचित बाजूला पाहायची सवय केली तर बरंच ओळखू येतं. कडेची गेलेल्याने मान फिरवत, जमिनीपासून वरपर्यंत, ठरलेल्या क्रमाने बघायला शिकायचं.

डॉक्टरांकडून दोन गोष्टी कागदावर घ्या: चष्मा लावून प्रत्येक डोळ्याची दृष्टी किती, आणि फील्डचा म्हणजे पेरिमेट्रीचा रिपोर्ट, ज्यात नजर बाजूंना किती पसरते ते मोजलेलं असतं. दुसरा कागद बऱ्याच जणांकडे नसतो आणि नेमका तोच लागतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे चांगल्या डोळ्याची दृष्टी चष्म्यासकट ३/६० (डोळसाला ६० मीटरवरून दिसतं ते ३ मीटरवरून दिसणं) पेक्षा कमी असेल तर ते अंधत्व. पण नजरेची व्याप्ती १० अंशांपेक्षा कमी उरली असेल तर तेही अंधत्वच. म्हणून "तुम्हाला तर तक्त्यावरच्या खालच्या ओळी वाचता येतात, दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र कसलं?" असं कुणी म्हणालं, की वाद न घालता फील्डचा रिपोर्ट पुढे करायचा. याउलट एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा ठणठणीत असेल तर दिव्यांगत्वाची टक्केवारी ३० च भरते, आणि ४० टक्क्यांपासून सुरू होणाऱ्या सवलती मिळत नाहीत. यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा, अर्ज स्वावलंबन या सरकारी पोर्टलवर करायचा, तपासणी सरकारी रुग्णालयात होते. वेळ लागतो, म्हणून हे काम आधी मार्गाला लावा.

आणखी एक गोष्ट, जी लोक सांगायला घाबरतात. नजर गेलेल्या काहींना नसलेल्या गोष्टी दिसतात: भिंतीवर जाळीदार नक्षी, दारात उभी माणसं, अंगणात खेळणारी मुलं. घरात बोललं तर वेड लागलं म्हणतील, नाहीतर अंगारे-धुपारे सुरू होतील, म्हणून माणूस गप्प बसतो. याला चार्ल्स बॉने सिंड्रोम म्हणतात. बॉने हा स्विस निसर्ग-अभ्यासक. त्याने १७६० मध्ये आपल्या आजोबांना होणारे असेच भास लिहून ठेवले. डोळ्यांकडून खबर येईनाशी झाली की मेंदू आपलीच चित्रं रंगवतो, एवढंच ते असतं. दिसतंय ते खरं नाही हे माणसाला उमगतही असतं. डोळ्यांच्या डॉक्टरांना बिनदिक्कत सांगा. मात्र नसलेले आवाजही ऐकू येऊ लागले किंवा खरं-खोटं यात गोंधळ व्हायला लागला, तर ते वेगळं प्रकरण आहे, वेळ न घालवता तपासून घ्या.

२. घराचे नियम, आणि ते सगळ्यांना लागू

घरात सामान कमी करण्यापेक्षा ते जागच्या जागी राहणं महत्त्वाचं. दार पूर्ण उघडं किंवा पूर्ण बंद. अर्धवट उघड्या दाराची कड कपाळावर बसते. कपाटाचं आणि ओट्यावरच्या शेल्फचं दारही तसंच. खुर्ची वापरून झाली की टेबलाखाली सरकवायची. चपला दाराच्या एकाच बाजूला. झोपाळा असेल तर वापर नसताना कडी लावून भिंतीकडे बांधून ठेवा. फरशी ओली असेल तर पुसणाऱ्याने तोंडाने सांगायचं. आणि कुणी खोलीत आलं किंवा खोलीतून गेलं तर बोलून जायचं. रिकाम्या खुर्चीशी गप्पा मारत बसण्याइतकं अपमानास्पद दुसरं काही नाही.

थोडी नजर आहे त्यांच्यासाठी उजेड आणि रंग ही स्वस्त औषधं आहेत. दिवा समोरून डोळ्यांत नको, मागून किंवा बाजूने कामावर पडू द्या. गडद कपात दूध, पांढऱ्या कपात कोरा चहा. स्टीलचं ताट चकाकतं आणि त्यात काहीच कळत नाही. एकरंगी, चमक नसलेलं ताट घ्या. जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळी पट्टी मारा, निदान पहिल्या आणि शेवटच्या.

बाथरूममध्ये रबरी मॅट, आणि बादलीत आधी थंड पाणी, मग गरम. हा क्रम घरात कुणीही पाणी काढलं तरी तोच.

वस्तू हातातून पडली तर काय करायचं, हे मी पहिल्याच दिवशी शिकवते, कारण कपाळाला सर्वांत जास्त टेंगळं यातून येतात. पडल्याबरोबर वाकायचं नाही. आधी स्तब्ध उभं राहून ऐकायचं: कुठे आपटली, घरंगळली का, कुठल्या बाजूला थांबली. मग त्या दिशेला तोंड करून एक-दोन पावलं जायचं. कमरेतून न वाकता, पाठ ताठ ठेवून गुडघ्यांवर खाली बसायचं, आणि बसताना एक हात तोंडासमोर, तळवा बाहेर. टेबलाची कड आली तर ती आधी हाताला लागते. मग तळवा जमिनीवरून सपाट फिरवत पायापाशी लहान गोल, त्याबाहेर थोडा मोठा गोल. काच फुटली असेल तर मात्र हात लावायचाच नाही. पायात चपला घालायच्या, ओल्या जाड कापडाने किंवा कणकेच्या गोळ्याने टिपून घ्यायचं, नाहीतर सरळ कुणाला तरी हाक मारायची.

३. स्वयंपाकघर

घरच्यांचा सगळ्यात मोठा विरोध इथे होतो, आणि हात सगळ्यात लवकर इथेच परत बसतो. पोळी लाटताना तशीही आपली नजर पोळीवर कमी आणि बोटांत जास्त असते. कुकरच्या शिट्ट्या मोजणं ही तर डोळसांचीही पद्धत.

सुरुवात चहापासून करा. शेगडी बंद असताना पातेलं ठेवायचं, बर्नरभोवतीच्या जाळीचे दांडे चाचपून ते मधोमध आहे ना ते पाहायचं, आणि मगच पेटवायचं. पेटल्यावर आवाज आणि वरून अंतरावर धरलेल्या तळव्याला लागणारी धग यावरून आच कळते. शेगडीच्या बटणावर एम-सीलचे दोन ठिपके चिकटवा, एक बंद असताना वर येणारा आणि एक मंद आचेचा. इंडक्शन घ्यायचा झाला तर फिरवायच्या बटणाचा किंवा दाबल्याचं बोटांना कळेल असा घ्या; सपाट काचेवरचा टच पॅनेल आपल्या कामाचा नाही.

चहा ओतताना कप थाळीत ठेवून ओता, सांडलं तर थाळीत सांडेल. पातेल्यापेक्षा चोच असलेली किटली बरी: चोच कपाच्या कडेला टेकवायची आणि आवाज बारीक-तीव्र होत जातो तो ऐकायचा. थंड पाणी असेल तर कडेवरून एक बोट आत सोडलं की झालं. गरम पदार्थात बोट घालून अंदाज घेण्याचा पराक्रम करू नका.

फोडणी थंड कढईत सुरू करा. तेल मोजून चमच्याने घाला, एक-दोन मोहरीचे दाणे टाका, गॅस लावा. ते तडतडले की उरलेली मोहरी, आणि तडतड ओसरली की गॅस बंद करून मग हिंग-हळद. भाजी एका हाताने भराभर सोडण्याऐवजी ताटलीतून कढईच्या कडेने घसरवा, म्हणजे तेल उडत नाही. ओढणी, पदराचं लोंबतं टोक, सैल बाह्यांचा नायलॉनचा गाऊन ओट्यापाशी नको. सुरी वापरून झाली की लगेच तिच्या जागी. भांड्यांच्या ढिगात किंवा साबणाच्या पाण्यात ती कधीच सोडायची नाही. झोपताना रेग्युलेटर बंद. गॅसचा वास आला तर दिवा-पंख्याच्या बटणाला हात न लावता खिडक्या उघडून बाहेर पडायचं आणि १९०६ या गॅसगळतीच्या नंबरला फोन करायचा.

जेवायला बसताना आपल्या पद्धतीचा मोठाच फायदा आहे. मराठी ताट मुळातच नकाशा असतं: वर मधोमध मीठ, त्याच्या डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या आणि आमटीची वाटी, खाली पोळी किंवा भात. वाढणाऱ्याने ही डावी-उजवी बाजू मोडली नाही तर कुणाला काही विचारावं लागत नाही. बुफेत मात्र सगळा काला होतो. तिथे सोबत्याने घड्याळाच्या भाषेत सांगायचं: "तीनवर पनीर, सहावर पुलाव, नऊवर काकडी."

४. औषधं

इथे अंदाज चालत नाही. डोळ्यांच्या थेंबांच्या बाटल्या एकसारख्या असतात, आणि झटपट चिकटवणाऱ्या गोंदाची छोटी बाटलीही हाताला तशीच लागते. तो गोंद डोळ्यांत घातल्याच्या घटना खरोखर घडलेल्या आहेत. म्हणून थेंबांची पेटी वेगळी, आणि त्या पेटीत दुसरं काहीही नाही. सकाळच्या बाटलीला एक रबरबँड, रात्रीच्या बाटलीला दोन. नवी बाटली आली की जुन्या बाटलीचं रबर काढण्याआधी दोन्ही कुणा डोळसाकडून तपासून घ्यायच्या. गोळ्यांसाठी आठवड्याचा डबा घ्या आणि तो ठरलेल्या दिवशी एकाच माणसाबरोबर बसून भरा. साखर तपासायला बोलणारा ग्लुकोमीटर मिळतो. इन्सुलिन पेनचे टिकटिक मोजून डोस घेणारे आहेत, पण नुसत्या टिकटिकीवर विसंबू नका. डॉक्टर किंवा नर्सकडून पद्धत पक्की करून घ्या.

५. फोन

माझ्या मते काठीच्या बरोबरीने, किंबहुना घरबसल्या शिकता येतो म्हणून थोडा आधीच, फोन शिकावा. पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय, म्हणजे अँड्रॉइडवर टॉकबॅक आणि आयफोनवर व्हॉइसओव्हर, आधीपासून असते, विकत काही घ्यावं लागत नाही. चालू केल्यावर फोनचं वागणं बदलतं: एकदा स्पर्श केला तर तो बोलून सांगतो, उघडायला दोनदा टकटक करावी लागते. हे माहीत नसल्याने लोक घाबरून फोन बिघडला म्हणतात. म्हणून चालू कसं करायचं याआधी बंद कसं करायचं ते शिका. बहुतेक अँड्रॉइड फोनवर सेटिंगमध्ये शॉर्टकट लावला की आवाजाची दोन्ही बटणं काही सेकंद दाबून ते चालू-बंद होतं; आयफोनवर शॉर्टकट लावल्यावर बाजूचं किंवा होम बटण तीनदा दाबायचं.

पहिले काही दिवस फक्त एक हालचाल घोटा: बोट डावीकडून उजवीकडे सरकवलं की पुढची गोष्ट, उजवीकडून डावीकडे मागची. ती बसली की फोन लावणं, उचलणं, व्हॉट्सॲपवर बोलून निरोप पाठवणं. मराठी आवाज भाषेच्या सेटिंगमधून निवडता येतो. वेग सुरुवातीला कमी ठेवा. पुढे तुम्हीच तो इतका वाढवाल की शेजारच्याला काही कळणार नाही.

कागद वाचायला गुगलचं लुकआउट आणि मायक्रोसॉफ्टचं सीइंग एआय, माणसाची मदत हवी तर बी माय आइज. यात व्हिडिओ कॉलवर स्वयंसेवक बघून सांगतात. लाइट बिल, पाकिटावरची तारीख, शर्टाचा रंग यासाठी ही ॲप्स उत्तम. रस्ता ओलांडायला किंवा गोळीचं नाव ओळखायला फक्त त्यांच्या भरवशावर राहू नका. संगणकावर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट आहे. वाचनाची आवड असेल तर सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयात मराठी पुस्तकंही आहेत.

६. काठी

काठी हातात घेणं म्हणजे जगाला सांगणं, म्हणून लोक ती टाळतात. सोसायटीत कुणी बघेल, मुलीच्या लग्नाला अडचण येईल, अशी कारणं मी ऐकली आहेत. पण न दिसणारा माणूस काठीशिवाय चालला तर लोक त्याला दारू प्यायलेला समजतात किंवा त्याच्यावर डाफरतात. काठी असली की निदान गैरसमज तरी होत नाही. मुंबई-पुण्याच्या गर्दीत तिचा निम्मा उपयोग दुसऱ्यांना दिसण्यासाठी असतो. काठी पांढरी करण्याची कल्पना १९२१ मध्ये ब्रिस्टलच्या जेम्स बिग्ज यांना सुचली, तीही याचसाठी: अपघातात नजर गेल्यावर गाड्यांना आपण दिसावं म्हणून.

ती डावी-उजवीकडे फिरवण्याची पद्धत दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत रिचर्ड हूव्हर यांनी बसवली, नजर गमावलेल्या सैनिकांसाठी. म्हणजे ती मुळातच मोठेपणी दिसेनासं झालेल्यांसाठी आहे.

लांबी अशी पाहा: काठी शेजारी उभी धरली की तिची मूठ छातीच्या मधल्या हाडापर्यंत यावी. म्हाताऱ्यांच्या आधाराच्या काठीइतकी आखूड काठी चालत नाही, तिच्याने खड्डा कळेपर्यंत पाय खड्ड्यात असतो. घडीच्या काठीत आत इलॅस्टिकची दोरी असते, ती सैल पडली की सांधे डुगडुगतात. आणि टोकाची टोपी झिजते. दोन्ही बदलून मिळतात.

आता पकड. हस्तांदोलन करताना हात जसा पुढे येतो तशी मूठ धरा, तर्जनी काठीच्या अंगाला सरळ. हात बेंबीसमोर मधोमध. बाजूला गेला की चालही तिरकी होते. हलवायचं मनगट, खांदा नाही. टोक खांद्यांच्या रुंदीपेक्षा जेमतेम जास्त फिरलं पाहिजे. आणि गंमत इथे आहे: उजवं पाऊल पुढे पडतं तेव्हा टोक डावीकडे असतं, डावं पडतं तेव्हा उजवीकडे. म्हणजे पुढचं पाऊल जिथे पडणार ती जागा काठीने आधीच तपासलेली असते. पाऊल आणि काठी एकाच बाजूला जायला लागली तर थांबा, पुन्हा सुरू करा. सुरुवातीला सगळ्यांचं असंच होतं. टकटक करत चालण्याऐवजी टोक जमिनीवरून घासत नेलं तर आपल्या फुटपाथांवरचे सुटलेले पेव्हर ब्लॉक आणि गटाराच्या झाकणांच्या फटी जास्त चांगल्या कळतात. हाच सराव आधी घराच्या पॅसेजमध्ये, मग सोसायटीच्या आवारात, मग सकाळच्या शांत गल्लीत.

जिना चढताना काठी उभी धरा, टोक पुढच्या पायरीला टेकत राहील. ते कशालाच लागेनासं झालं की जिना संपत आला. उतरताना टोक पायरीच्या कडेवरून खाली सोडा, आणि कठडा असेल तर तो सोडू नका.

काठी कमरेच्या वरचं काही सांगत नाही. टेम्पोचं मागचं उघडं फळकं, अर्धवट ओढलेलं शटर, एसीचा डबा, झाडाची फांदी या गोष्टी थेट तोंडावर येतात. पुढे झाप असलेली टोपी घाला, अडथळा आधी झापेला लागतो. आयआयटी दिल्लीत तयार झालेली स्मार्टकेन गुडघ्याच्या वरचे अडथळे ध्वनिलहरींनी ओळखून मुठीत थरथर देते. उपयोगी आहे, पण आधी साधी काठी अंगवळणी पडू द्या.

७. रस्ता आणि प्रवास

मदत घ्यायला लाजू नका, पण ती आपल्या पद्धतीने घ्या. लोक चांगल्या मनाने दंड धरून ओढतात किंवा मागून ढकलतात, आणि तेव्हा आपला तोल त्यांच्या हातात जातो. हसत सांगा, "दादा, तुम्ही नका धरू, मीच तुमचा हात धरते." मग त्यांच्या कोपराच्या जरा वर धरायचं आणि अर्धं पाऊल मागे राहायचं. पायरी आली, वळण आलं की त्यांच्या शरीराची हालचाल आपल्या हाताला आधीच कळते. अरुंद जागेत ते हात पाठीमागे नेतील, आपण त्यांच्या मागे जायचं. हे घरच्यांनाही शिकवा.

रस्ता ओलांडताना लांबून कुणी "या, या, मोकळा आहे" म्हणालं तरी त्या आवाजावर पाऊल टाकू नका. सोबत येणारा माणूस हवा. सिग्नलपाशी आपल्या बाजूने, आपल्याच दिशेने जाणारी वाहनं सुटल्याचा आवाज आला की आपल्या चालण्याची वेळ, हा जगभरचा नियम; आपल्याकडे त्यात राँग साइडने येणाऱ्या दुचाक्या आणि आवाज न करणाऱ्या इलेक्ट्रिक गाड्या मिळवायच्या. म्हणून नव्याने शिकणाऱ्याने मोठा रस्ता एकट्याने ओलांडू नये असंच मी सांगते.

पावसात छत्री टाळा. एक हात अडकतो, आणि कापडावरच्या पावसाच्या ताशात बाकीचे आवाज बुडतात. रेनकोट घाला, कान झाकणारी टोपी मागे सारा. पाणी साचलेल्या रस्त्यावर काठी खोली सांगते, पण उघडं मॅनहोल सांगेलच याची खात्री नाही. तुंबलेल्या पाण्यातून एकट्याने जाऊच नका.

मेट्रोच्या स्टेशनवर पायाला लागणाऱ्या पिवळ्या फरश्या असतात: लांबट उभे उंचवटे म्हणजे सरळ चला, गोल ठिपके म्हणजे थांबा, पुढे जिना, वळण किंवा फलाटाची कड आहे. ही फरशी १९६७ मध्ये जपानच्या ओकायामात पहिल्यांदा बसली. आपल्या फुटपाथांवर तीच पट्टी कधीकधी सरळ विजेच्या खांबात जाऊन संपते, तेव्हा तिथे काठीवर जास्त विश्वास ठेवा.

एसटीत ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना भाड्यात ७५ टक्के सवलत आहे. रेल्वेची सवलत पूर्ण दृष्टिहीनांना आणि त्यांच्या सोबत्याला मिळते. अंशतः दिसणाऱ्यांनी ती गृहीत धरू नये. रिक्षात बसल्यावर नुसता पत्ता न देता ठळक खूण सांगा आणि फोनवर लोकेशन घरी पाठवून ठेवा.

८. पैसा

सध्याच्या नोटांची लांबी वाढत जाते: १०० ची १४२ मिलिमीटर, २०० ची १४६, ५०० ची १५०. चार मिलिमीटरचा फरक गर्दीत हाताला कळणं अवघड, म्हणून नोटांच्या डाव्या-उजव्या कडांवरच्या उठावदार तिरक्या रेघाही चाचपा: १०० वर चार, ५०० वर पाच, आणि २०० वर चार रेघांच्या मधे दोन छोटी वर्तुळं. जुन्या, मऊ पडलेल्या नोटेवर हे घासून जातं. खात्रीचा उपाय आपला आपण: ५०० ची वेगळ्या कप्प्यात, १०० ची आडवी दुमडून, ५० ची उभी, १०-२० च्या सरळ. रिझर्व्ह बँकेचं मनी (MANI) ॲप नोट ओळखून किंमत बोलतं, इंटरनेट नसतानाही. नोट खरी की खोटी हे मात्र ते सांगत नाही.

यूपीआय वापरताना स्कॅन केल्यावर फोन दुकानदाराचं नाव बोलतो, ते ऐकल्याशिवाय पिन टाकायचा नाही. दुकानातला स्पीकर रक्कम ओरडून सांगतो. डोळसांच्या सोयीसाठी आलेली ती गोष्ट आपल्यालाच जास्त उपयोगी पडली. पिन टाकायला फोन कधीही दुसऱ्याच्या हातात देऊ नका, आणि बाहेर असताना इअरफोन एका कानात ठेवा, नाहीतर ओटीपी सगळ्या बसला ऐकू जातो. स्क्रीन काळी ठेवून फोन वापरायची सोयही टॉकबॅक आणि व्हॉइसओव्हरमध्ये आहे.

सहीसाठी जुन्या प्लास्टिक कार्डाला आडवी खिडकी कापा, साधारण बोटभर लांब आणि एक सेंटिमीटर उंच. ती कागदावर ठेवली की सही ओळीत येते. बँकेत कुणी "तुम्हाला चेकबुक मिळणार नाही, एटीएम कार्ड देता येणार नाही" म्हणालं तर मॅनेजरला रिझर्व्ह बँकेच्या २००८ च्या सूचनेची आठवण करून द्या: चेकबुक, एटीएम, नेट बँकिंग, लॉकर, कर्ज यातलं काहीही दृष्टिहीन आहे म्हणून नाकारता येत नाही. केवायसीसाठी, म्हणजे बँकेच्या ओळख-पडताळणीसाठी, कॅमेऱ्यासमोर पापण्या मिटवून दाखवायची अटही अडचणीची होती. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल केवायसी दिव्यांगांना वापरता येईल अशी करण्याचे आदेश दिले आहेत. तक्रार तोंडी नको, लेखी करा.

९. नोकरी सोडण्याआधी

हे सगळ्यात शेवटी लिहिते आहे, पण लागू पडत असेल तर सगळ्यात आधी करा. सरकारी नोकरीत असताना नजर गेली तर घाईने राजीनामा किंवा स्वेच्छानिवृत्ती देऊ नका. २०१६ च्या कायद्याच्या कलम २० प्रमाणे सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापना कामावरून काढू शकत नाही किंवा खालच्या पदावर टाकू शकत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं पद द्यायचं, आणि तसं पद लगेच नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य, म्हणजे खास जादा निर्माण केलेल्या, पदावर ठेवायचं. वरिष्ठ सहानुभूतीने "आता विश्रांती घ्या" म्हणतात तेव्हा कुठल्याही कागदावर सही करण्याआधी हे कलम वाचून घ्या. खासगी नोकरीत एवढं संरक्षण नाही, पण स्क्रीन रीडर शिकायला काही महिन्यांची रजा आणि कामात थोडा बदल मागायला हरकत नसते.

शिकायला कुठे जायचं? मुंबईत वरळीला १९५२ पासून काम करणारी नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, म्हणजे नॅब, आणि सेंट झेवियर्स कॉलेजचं दृष्टिबाधितांसाठीचं केंद्र. पुण्यात पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशन. नागपुरात ब्लाइंड रिलीफ असोसिएशन. नाशिकलाही नॅबचं काम आहे. डेहराडूनची दृष्टिबाधितांसाठीची राष्ट्रीय संस्था लांब पडते. फोनवर बोलायचं असेल तर स्कोअर फाउंडेशनची आयवे हेल्पलाइन आहे. पहिल्या फोनवर एवढं विचारा: मोठेपणी नजर गेलेल्यांना काठी शिकवणारा प्रशिक्षक आहे का, तो घरी येतो की केंद्रात जावं लागतं, टॉकबॅक मराठीतून शिकवतात का, आणि सोबत घरच्या एकाला बसू देतात का. बसू देत असतील तर, घरात जो तुमच्यासाठी सगळ्यात जास्त घाबरतो, त्यालाच घेऊन जा.